बसून उघडायचं फाटक

मी फाटक बोलतोय. अक्कलकोट रोडने एमआयडीसीकडे जाताना डाव्या हाताला एक चिंचोळी गल्ली लागते, तिच्यातल्या एका घरापुढचं सागवानी फाटक. अंगाला अजून पॉलिशचा वास आहे, म्हणून बोलण्यातही उत्साह जरा जास्त आहे. सांभाळून घ्या.

ज्या दिवशी बातमी आली, त्या दिवशी मात्र मी फाटक नव्हतो. जिन्याखाली गोणपाट पांघरून पडलेलं नुसतं लाकूड होतो. दिवस अगदी साधा होता. नळाला पाण्याची पाळी होती. सिद्धेश्वरीबाईंनी पिंपात पाइप सोडला होता आणि त्या उखळाशी बसून शेंगांची चटणी कुटत होत्या. फोन वाजला. बोटं तिखटाने भरलेली, म्हणून त्यांनी पेराने तो स्पीकरवर टाकला.

“अव्वा, ऐक. सोडतायत मला. सोमवारी.”

“सोमवारी म्हणजे? ह्या सोमवारी?”

“नाहीतर काय पुढच्या वर्षीच्या? ह्याच!”

मुसळ हातात तसंच राहिलं. पिंप भरलं, वाहायला लागलं, पाणी ओसरीवरून जिन्याखाली आलं. बातमी माझ्यापर्यंत पोचली ती अशी, ओली होऊन.

फोनवर पूनम होती, बाईंची मुलगी. मागच्या पावसाळ्यात दुधनीहून परतताना ती आणि तिचे वडील गुरुबसप्पा एकाच स्कूटरवर होते. गुरुबसप्पा घरी आले नाहीत. पूनम सोलापूरच्या दवाखान्यातून पुण्याच्या दवाखान्यात गेली, आणि आता येणार होती ती चाकांच्या खुर्चीत बसून. एवढंच सांगतो. ह्या घरातही त्याबद्दल याहून जास्त कुणी बोलत नाही.

“आणि अव्वा, माझी एक अट आहे,” फोनमधून आवाज आला. “गेट मी उघडणार. माझी मी. कुणी धावत यायचं नाही, कुणी उचलायचं नाही. इथे सगळ्यांनी मला इतकं उचललंय की आता कुणाचा हात काखेत आला तरी अंगावर काटा येतो. घरात मी माझी येणार.”

“तू म्हणशील तसं,” बाई म्हणाल्या. मग त्यांनी नळ बंद केला, डोळे पुसले आणि तिखटाच्या हाताने पुसले म्हणून पुन्हा नळ सोडला.

संध्याकाळी थोरला मुलगा बसवेश कामावरून आला. टॉवेलच्या युनिटात तो सुपरवायझर आहे. त्याने टेप काढून जुनं लोखंडी गेट मोजलं. त्याच्या दोन झडपांपैकी एक गंजून जागीच बसली होती, आणि उरलेल्या अर्ध्यातून मोटरसायकल जेमतेम जायची.

“खुर्ची अडकते, अव्वा. नवीनच करावं लागेल. पण लोखंडवाला म्हणतो, पाडव्याच्या आधी हात लावत नाही.”

बाई जिन्याखाली वाकल्या आणि त्यांनी माझ्यावरचं गोणपाट ओढून काढलं.

“हे? हे तर अप्पांचं लाकूड.”

“अप्पांनी गेटसाठीच आणलं होतं.”

ते खरं होतं. त्याआधीही मला एक आयुष्य झालं होतं. मी हातमाग होतो. म्हणजे मागाचे खांब आणि तुळया. दोन पिढ्या माझ्यावर इरकली लुगडी विणली गेली. धोटा इकडून तिकडे धावायचा आणि मी जागच्या जागी उभा राहून त्याचे हादरे सोसायचो. पुढे यंत्रमाग आले, घरातली मुलं त्यांच्यावर कामाला गेली आणि मला सुटं करून भिंतीला टेकवलं. तिथून गुरुबसप्पांनी मला आणलं. शाळेत हेडक्लार्क होते ते, नुकतेच निवृत्त झाले होते. हातगाडीवर घालून आणलं आणि स्वतः शेजारून चालत आले, सगळी वाट माझ्यावर हात ठेवून, बैलाला आणावं तसं.

“ह्याचं गेट करायचं,” त्यांनी जाहीर केलं.

“सोन्यासारखं लाकूड आणि रस्त्यावर उभं करणार?” बाई म्हणाल्या होत्या. “लोक हसतील की.”

“हसू देत. येणाऱ्याला आधी सागवान दिसेल, मग आपण.”

मग आज करू, उद्या करू, दिवाळीनंतर करू, उन्हाळा सरला की करू. माणसांची ही सवय मला मागाच्या वेळेपासून ठाऊक आहे. मी जिन्याखाली थांबलो. गुरुबसप्पा अधूनमधून येऊन बोटाच्या पेराने मला टकटक वाजवत आणि स्वतःशीच मान हलवत. पावसाळ्यापासून ती टकटक थांबली होती.

आता एकदम घाई सुरू झाली! दुसऱ्याच दिवशी बाळू मिस्त्री आला, अंगणात टेकूचे दोन लाकडी घोडे मांडले आणि मला त्यांच्यावर आडवं केलं.

“वैनी, ह्ये लाकूड न्हाय, लोखंड हाय. रंधा बोंबलतोय बघा.”

“बोंबलू दे. सोमवारच्या आत उभं राहिलं पाहिजे.”

“हुतंय की! ह्या गल्लीत बाळूनं बसवलेलं एक तरी दार हललेलं दाखवा, मिशी काढतो.”

“मिशी आहे कुठे तुला काढायला?” कुंपणापलीकडून यशोदाकाकू म्हणाल्या. शेजारच्या घरातल्या ह्या काकूंचं सगळ्या गल्लीवर लक्ष असतं, आणि ते कुणाला नकोसं वाटत नाही.

रंध्याखाली माझी जुनी काळी कातडी निघत गेली आणि आतून मी असा पिवळा, तेलकट, ताजा निघालो की मलाच माझी ओळख पटेना. अंगणभर कुरळ्या साली पसरल्या. मागाच्या जोडांची जुनी भोकं बाळूने बुजवून टाकली. खांब होतो तो चौकट झालो, तुळया होत्या त्यांच्या फळ्या झाल्या. एकच रुंद झडप, खाली आडवी पट्टी, मध्ये तिरकी.

कड्या-बिजागऱ्या आणायला बाई स्वतः बाळूला घेऊन मंगळवार पेठेत गेल्या. तिथली गंमत मला बिजागऱ्यांनी सांगितली, कारण त्या तेव्हा दुकानातच होत्या.

बाईंनी दुकानदाराकडे आधी स्टूल मागितलं.

“बसा की मावशी. दमलात का? पाणी देऊ?”

“पाणी नको. कड्या दाखवा.”

दुकानदाराने काउंटरवर कड्यांचा ढीग ओतला. बाई स्टुलावर ताठ बसल्या, डावा हात पदराखाली घेतला आणि एकेक कडी उजव्या हाताने छातीच्या उंचीला धरून उघडून बघायला लागल्या.

“उभं राहून बघा की, मावशी. गेट काय बसून उघडतात व्हय?”

“आमच्याकडे बसून उघडणार आहेत.”

मोठा अल्ड्रॉप, म्हणजे सरकवायची जाड कडी, त्यांनी बाजूला केला. “ह्याला दोन हात लागतात. एक हात चाकावर राहणार तिचा.” सिंहाच्या तोंडाचं पितळी कडं पुढे आलं. “ह्याचं काय करू? सिंहाला जेवायला घालू?” बाळूला स्प्रिंग फार आवडली होती. “लावू या, वैनी, आपोआप बंद हुतंय.” बाईंनी ती ओढून पाहिली आणि परत दिली. “ह्याच्याशी ती रोज कुस्ती खेळणार का?”

शेवटी एक लांब दांडीची कडी निघाली. दांडी खाली दाबली की जीभ उचलायची, एवढंच. बाईंनी ती बोटाने दाबली, तळव्याने दाबली, मुठीने दाबली, डोळे मिटून दाबली. मागे गिऱ्हाइकं ताटकळली होती.

“मावशी, लोकं थांबलीत.”

“थांबू देत. माझी मुलगी येतीये.”

“लग्न काढलंय काय?”

“नाही,” बाई म्हणाल्या. “घरी येतीये.”

दुकानदार उठला. आत जाऊन त्याने बेअरिंगच्या बिजागऱ्या आणल्या. बाळू दोन म्हणत होता, बाईंनी तीन घेतल्या. करंगळीने ढकललं तरी झडप फिरली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. घरी आल्यावर त्यांनी जुन्या सोलापुरी चादरीचा काठ दुहेरी शिवून एक पट्टा केला आणि माझ्या आतल्या बाजूच्या आडव्या पट्टीला बांधायला लावला. खुर्ची आत गेल्यावर पाठीमागचं दार ओढून घ्यायला काहीतरी हाताला यायला नको का?

शनिवारी बाळूने मला जुन्या विटांच्या खांबावर तात्पुरतं टांगलं. बसवेशने युनिटातून चाकांची ऑफिसखुर्ची मागून आणली होती. बाई पदर खोचून तीत बसल्या.

“काकू, बाजूला व्हा!”

“लायसन काढलंय का, सिद्धेश्वरी?”

खुर्ची गर्रकन फिरली आणि बाई जास्वंदीत गेल्या. दुसऱ्यांदा त्या माझ्यापाशी पोचल्या. मूठ कडीवर पडली. खट्. आणि मी फिरलो!

तुम्हाला त्याचं काही वाटणार नाही. तुम्ही रोज चालता-फिरता. मी जंगलात उभा होतो, मागात उभा होतो, जिन्याखाली पडून होतो. फिरणं म्हणजे काय, ते मला त्या शनिवारी कळलं. वारा एका गालाला लागत होता तो दुसऱ्या गालाला लागला. बाई आत आल्या, पट्टा ओढला, मी मिटलो. पुन्हा बाहेर, पुन्हा आत. बसवेशने केलं, काकूंनी केलं, बाळूनेही टोपी सावरत एक फेरी मारली. अंगणात इतकं हसू त्या पावसाळ्यानंतर पहिल्यांदा झालं. बाई मध्येच थांबल्या, घराच्या दाराकडे बघितलं आणि मग पुन्हा हसल्या.

“पण ह्या इटा मला पेलायच्या न्हाईत,” बाळू म्हणाला. “चौकट बसवूनच टांगाय पायजे. उद्या बसवतो, मग चिंता न्हाय.”

रविवारी पहाटे बसवेश गाडी घेऊन पुण्याला निघाला. इकडे चौकट आली. बाई आधी फार शकुन-अपशकुन बघणाऱ्या नव्हत्या. पावसाळ्यापासून मात्र त्यांचं चित्त एका गोष्टीवर अडकलं होतं. गुरुबसप्पा आणि पूनम निघाले त्या सकाळी जुनं गेट वाऱ्याने सताड उघडं होतं. बाईंनी ते पाहिलं होतं आणि हात ओले म्हणून लावलं नव्हतं. कुणाला त्यांनी हे सांगितलं नाही. जिन्यापाशी एकट्या बसल्या की पुटपुटायच्या, म्हणून मला माहीत.

“उंबरा जाड घे हं, बाळू,” त्या म्हणाल्या. “उंबरा असला की नको ते बाहेर थांबतं.”

“चौकट म्हनल्यावर उंबरा आलाच की. तीन बाजूंची चौकट मी आजपातूर केली न्हाय.”

माझ्यातली सगळ्यात जाड तुळई उंबऱ्याला निघाली, चांगली चार बोटं उंच. तिच्याखाली तांब्याचं नाणं ठेवलं, सिमेंट ओतलं. माझ्या कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, वर आंब्याचा डहाळा, उंबऱ्यावर हळदीकुंकू, दोन्ही कडांना रांगोळीच्या वेली. नारळ फुटला. बाळूला टॉवेल-टोपीचा आहेर झाला. गल्लीतून जाणारी माणसं सायकलवरून उतरून बघत होती. मीही छाती पुढे काढून उभा होतो.

सोमवारी दुपारी गाडी आली. बसवेशने खुर्ची उलगडली आणि पूनम तीत बसली. केस बारीक कापलेले, दंड भरलेले, चेहऱ्यावर गुरुबसप्पांचं नाक. यशोदाकाकू भाकरतुकडा घेऊन पुढे झाल्या.

“काकू, आधी गेट, मग तुकडा.”

ती माझ्यासमोर येऊन थांबली. तिने सगळा तळहात माझ्यावर टेकवला.

“दादा, हे अप्पांचं लाकूड?”

बसवेशने मान हलवली. तिने बोटाच्या पेराने मला टकटक वाजवलं. मग मूठ कडीवर आणली. खट्.

मी जीव ओतून उघडलो. आवाज नाही, अडखळणं नाही, पूर्ण भिंतीपर्यंत. “आली, आली!” काकू ओरडल्या. पूनमने दोन्ही चाकांना जोर दिला.

ठप्प.

पुढची छोटी चाकं उंबऱ्याला आपटली. ती मागे गेली, पुन्हा जोरात आली. ठप्प. रबरावर हळदीकुंकू लागलं.

“उंबरा?” बसवेश म्हणाला. “शनिवारी तर नव्हता!”

“चौकट म्हनल्यावर...” बाळूने डोक्यावरची नवी टोपी काढली.

बाई दाराच्या आत उभ्या होत्या. पाच दिवस त्या बसून कड्या उघडत होत्या. बाळूने आयुष्यभर दारं बसवली होती. काकूंच्या नजरेतून गल्लीतली कुणाची चूक सुटत नाही. पण उंबरा ओलांडायचा असतो हे त्या तिघांच्या पायांनाच इतकं पाठ होतं, की डोक्याला ते कधी कळवावंच लागलं नव्हतं.

“अगं, आजच्या दिवस उचलू दे,” काकू म्हणाल्या. “बसवेश, तिकडून धर. पुजलेला आहे, आता काढता येत नाही. उद्या उतरती फळी टाकू.”

“फळी कुटं बसनार, काकू? भायेर गटारावरची हातभर फरशी तेवढी हाय.”

बसवेश वाकला. पूनमचा आवाज चढला नाही, पण बसवेशचे हात जागीच थांबले. “दादा, हात लावू नको. उचलून घ्यायचं असतं तर अट कशाला घातली असती? मी बसते इथे. ऊन छान आहे.”

मार्चातल्या सोलापूरच्या दुपारी उन्हाला छान म्हणणारं माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

बाई हळूच खाली बसल्या. त्यांनी उंबऱ्यावर हात ठेवला, म्हणजे माझ्यावरच. मग त्यांनी उंबऱ्याला कपाळ टेकवलं आणि उठल्या.

“बाळू, करवत आण.”

“वैनी, कालच पुजलाय. वरीस तरी जाऊ द्या. काय वंगाळ झालं तर...”

“नको ते बाहेर थांबावं म्हणून बसवला होता,” बाई म्हणाल्या. “पोरगी थांबलीये बाहेर. काप.”

बाळूने कापायला घेतलं. मला दुखलं का, असं विचाराल. करवत लागली की लागतंच. पण बाहेर काय धमाल चालली होती! काकूंनी चहा आणला, कुणी पूनमच्या डोक्यावर छत्री धरली, कुणी गार पाणी दिलं. एमआयडीसीत दुपारच्या पाळीला निघालेल्या दोघी बाया सायकली टेकवून उभ्या राहिल्या. “काय चाललंय?” “उंबरा कापतायत!” “कशाला?” “पूनमला आत यायचंय!” पूनम बशीतून चहा पीत बाळूला ओरडून सांगत होती, “मामा, तिकडची बाजू राहिली. मिशी काढावी लागेल हं!”

“काढतो, काढतो, आधी उगवू तरी दे!”

दोन्ही बाजू कापल्या गेल्या. बसवेशने पहार घातली आणि चार बोटांचा तो तुकडा सिमेंटमधून उचकटला. खालचा खड्डा बाळूने खडी-मातीने ठोकून सपाट केला. तांब्याचं नाणं तिथेच, आत राहिलं.

“बा मगळे, बा,” बाई म्हणाल्या, त्यांच्या माहेरच्या कानडीत. ये गं पोरी, ये.

पूनमने चाकं फिरवली. नाण्यावरून चाक गेलं. ती आत आली, थांबली, मागे हात टाकून चादरीचा पट्टा पकडला आणि मला ओढून घेतलं. खट्.

टाळ्या पडल्या त्या दोन्हीकडून, अंगणातून आणि गल्लीतूनही. काकूंनी भाकरतुकडा ओवाळला तो मग अंगणाच्या मधोमध, कारण आता उंबरा नव्हता.

ह्या गोष्टीला काही महिने झाले. मी तीन बाजूंचा आहे आणि मजेत आहे. पूनम पूर्वी युनिटात टॉवेलची डिझाइनं काढायची, ती पुन्हा जायला लागली. रोज सकाळी गल्लीच्या तोंडाशी रिक्षा येते, मूठ कडीवर पडते, मी फिरतो. संध्याकाळी पट्टा ओढला जातो, मी मिटतो. चादरीचा काठ थोडा मळलाय. बाई ओसरीवर असल्या तरी उठत नाहीत. खट् ऐकून घेतात आणि मग भाकरी तव्यावर टाकतात. वाऱ्याने मी कधी उघडा राहिलो, तर तेवढ्यापुरत्या मात्र येऊन मला लावून जातात.

तुमच्याकडे एक मागणं आहे. तुम्ही कधी दार करायला काढाल, तेव्हा लाकूड बघा, बिजागऱ्या बघा, मुहूर्तही बघा. पण एकदा स्टूल घेऊन त्या दारासमोर बसा. आणि बसल्या जागेवरून आत जाता येतं का, तेवढं बघा.

कापलेला उंबरा जिन्याखाली आहे, त्याच गोणपाटात, हळदीकुंकवासकट. त्याची फळी करून तीवर गुरुबसप्पांचा फोटो ठेवायचा, असं घरात ठरलं आहे. फोटो सध्या कपाटावर आहे आणि खुर्चीतून बघितला तर काचेत नुसता ट्यूबलाइट दिसतो. पूनमने भिंतीवर आपल्या डोळ्यांच्या उंचीला पेन्सिलने रेघ मारून ठेवली आहे. बाळू येतो म्हणाला होता. बाईही ‘आज करू, उद्या करू’ म्हणतात आणि त्याला फोन करत नाहीत.

ती फळी लावायची राहिली आहे.